मयूरीच्या लग्नाची फिल्म

३ डिसेंबर, नेरडीगोंडा

पोचलो! निघताना बाबा पाठ करून बसले. आईनं दशम्या बांधून दिल्या आणि म्हणे, नव्या कामाला जाऊन राह्यला तर काळा शर्ट नको घालू. मी तोच घातला. वांकिडीपासून खिडकीची जागा होती. रस्त्यानं सगळीकडे कापूस, शेतात, गाड्यांवर, बाभळीच्या काट्यांना लोंबलेला. हायवेवर उतरलो तर समोरच घर, गुलाबी, दुमजली, गच्चीवर काळी टाकी. गेटसमोरून सारख्या लॉऱ्या जातात, एक नागपूरकडे, एक हैदराबादकडे. मला आवडलं घर.

मालक हणमंतराव डेप्युटी तहसीलदार म्हणून रिटायर झाले, पण कचेरी अंगातून गेलेली नाही. म्हणाले, गोपालराव, आमचं यंत्र महिनाभरापासून नाफरमानी करतंय, हुकूम मानत नाही, तुम्ही फक्त तामील करून द्या, राहण्याखाण्याचं आमच्याकडे. त्यांची थोरली बहीण बयनाबाई आमच्या वांकिडीला दिलेली होती, आता भावाकडे असते. माझं नाव तिनंच सुचवलं. सगळे तिला आक्का म्हणतात. बघताबरोबर म्हणे, काऊन रे पोट्ट्या, एवढा वाळला? तू कालेज सोडलं का कालेजनं तुले सोडलं? मी नुसता हसलो. दोन्ही खरं आहे.

यंत्र म्हणजे जिन्याखालच्या कोनाड्यात बसवलेला विटेएवढा कंप्युटर. हणमंतरावांचा मुलगा विनय हैदराबादला नोकरीला आहे, त्यानं बसवून दिला. घरातल्या लग्नांचे, बारशांचे, सहलींचे सगळे व्हिडिओ त्यात आहेत. ते इथं हॉलच्या टीव्हीवर दिसतात आणि इंटरनेटवरून हैदराबादलाही. पण हैदराबादला महिन्यापासून चित्र अडकतं.

हैदराबादला बघणारी कोण, तर विनयची बायको. मयूरी.

आमच्याच गल्लीतली मयूरी. इंटरपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, माझ्या पुढच्या बाकावर. फेब्रुवारीत तिचं लग्न लागलं त्या दिवशी मी निर्मलच्या होस्टेलात दाराला लाथ घातली, दार मोडलं, वॉर्डनच्या अंगावर गेलो आणि नंतर वर्गात पाय ठेवला नाही. लग्नाचं बोलावणं होतं. गेलो नाही. मी तिथं उभा राहिलो असतो तर मांडव पेटला असता.

हे काम मी पगारासाठी घेतलेलं नाही. बस, लिहून टाकलं.

४ डिसेंबर

दुखणं सापडलं. मयूरीच्या लग्नाची फिल्म अवजड आहे. हॉलच्या टीव्हीला ती जशीच्या तशी चालते. मयूरीच्या फोनपर्यंत पोचवायची तर आमच्या हायवेच्या लाइनीला झेपत नाही, म्हणून सर्व्हर, म्हणजे जिन्याखालचा डबा, ती चालता चालता लहान करून पाठवतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. आक्काला सांगितलं, ज्वारी इथं दळायची आणि पीठ तिकडं धाडायचं. तिनं लगेच विचारलं, मंग जातं कोण ओढते? अगदी तोच प्रश्न! जातं प्रोसेसर एकटा ओढत होता, म्हणून डबा तापून हात लावू देत नव्हता. आणि शेजारी ग्राफिक्सची चिप, जिचं हेच काम, ती मांडी घालून बसलेली. काऊन, तर सर्व्हरला तिला हात लावायची परवानगीच नव्हती. ती दिली. एका ओळीचं काम, आणि विनयसाहेब महिनाभर फोनवरून नुसतं बंद करा, चालू करा सांगत होते. एवढा पगार घेतो म्हणे.

५ डिसेंबर

कोण काय बघून राह्यलं ते सर्व्हरच्या पानावर दिसतं. दुपारी जेवून बसलो आणि तिथं नाव उगवलं: मयूरी. शेजारी हार्डवेअर असा शब्द, म्हणजे चिप कामाला लागली. डबा थंडगार. ती अख्खी दुपार स्वतःचं लग्न बघत होती आणि मी तिचं नाव बघत होतो.

मग हणमंतरावांनी तिला फोन लावला आणि माझ्या हातात दिला, म्हणाले, खात्री करून घ्या. मी हॅलो म्हटलं. मग म्हणे, अगं बाई, गोप्या? तू कवापासून मेकॅनिक झाला? चित्र काचेसारखं दिसते म्हणे. डॉक्टरनं अंथरुणातून उठू नको सांगितलंय, सातवा चालू आहे, दुसरं करावं तरी काय. शेवटी म्हणाली, विनय चांगले आहेत. मी विचारलं नव्हतं.

७ डिसेंबर

आज डोकं फिरलं.

आक्कानं देवघरात बोलावलं. लाल कापडावर चांदीचा टाक होता, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर बाईचा आकार ठोकलेला. मयूरी विनयची दुसरी बायको हे मला माहीत होतं. पहिली पूर्णिमा, ती दोन वर्षांपूर्वी डेंगीनं हैदराबादच्या दवाखान्यात वारली. आमच्याकडे दुसरेपणावर गेलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. सणाला पहिला मान तिचा, नवी साडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. पण हे शिकलेलं घर. लग्नात आक्कानं विषय काढला तर विनय हसला म्हणे आणि हणमंतराव चष्मा पुसत बसले. आता ओटीभरण तोंडावर आलं, म्हणून आक्कानं आदिलाबादच्या सोनाराकडून गुपचूप टाक घडवला, पूर्णिमाचं नाव घेऊन तिला बोलावलं, नैवेद्य दाखवला. मला म्हणे, सांडग्याच्या डब्यात घालून बसवर पार्सल दे, मयूरीले मी फोनवर समजावतो. विनयले नको सांगू.

नवरा दुसरीचा उतरलेला, आणि आता गळ्यातही तीच? मयूरी काय खुंटी आहे, याचं जुनं अडकवायला?

हायवेवर पार्सल घेऊन उभा होतो. गतिरोधकावर कापसाची लॉरी हळू झाली. डबा उघडला, टाक काढला आणि भिरकावून दिला वर, कापसात. आवाजसुद्धा आला नाही. लॉरी नागपूरकडे गेली. सांडगे हैदराबादच्या बसवर चढवले आणि आक्काला येऊन सांगितलं, पाठवला. मस्त झोप लागेल आज.

९ डिसेंबर

मयूरीचा फोन, थेट मलाच. फिल्ममध्ये तिच्या गळ्याशी हिरवा डाग दिसतो. मंगळसूत्राच्या खाली, नखाएवढा. ती हलली की तोही हलतो. हॉलच्या टीव्हीवर तीच फिल्म लावली, डाग नाही. म्हणजे फिल्म चांगली आहे, दळताना खडा येतो. अशा चिपांना हिरवे डाग पडतातच, त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारा प्रोग्रॅम, जुना असला की. नवा टाकला.

आक्का विचारून राह्यली, टाक पोचला का. म्हटलं, बसवाले उशीर करतात.

१० डिसेंबर

डाग गेला. मयूरी म्हणे, आता माझ्यामागं एक बाई उभी असते. अक्षता पडताना, सप्तपदीला, फोटो काढताना, सगळीकडे. तिनं विनयला बोलावून दाखवलं तर त्याला दिसेना. त्यानं मोबाइल काढून घेतला, म्हणे आराम कर. तिनं परत मागून घेतला.

मी माझ्या मोबाइलवर फिल्म लहान करून लावली. आहे. लांब, मांडवाच्या खांबाशी. कडा हिरव्या, चेहरा चौकोन चौकोन.

भ्यालो, खोटं कशाला लिहू. पण डोकं चालवलं. सर्व्हरचे सगळे फोल्डर धुंडाळले आणि सापडलं: विनय आणि पूर्णिमाच्या लग्नाची फिल्म. हणमंतराव गच्चीवर ऊन खात मोबाइलवर तीच बघतात. म्हणजे तीही त्याच चिपमधून जाते. चिपच्या मेमरीत आधीचं चित्र पुसलं गेलं नाही की ते पुढच्या चित्रात उमटतं, हा माहितीतला बिघाड आहे. भूतबीत काही नाही, उष्टं ताट आहे.

ती फिल्म काढून टाकली. कचऱ्याच्या टोपलीतूनही. ताट घासून टाकलं म्हणा. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. त्या घरात विनयच्या एका तरी लग्नाची फिल्म माझ्या हातानं संपली.

११ डिसेंबर

हणमंतराव मोबाइल घेऊन खाली आले, फिल्म उघडेना म्हणाले. मी म्हटलं, डिस्क भरली होती, जुनं काढावं लागलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, गोपालराव, त्या पोरीची एवढीच मिसल, एवढीच फाइल होती हो माझ्याकडे. साड्या, फोटो, सगळं विनयनं बांधून देऊन टाकलं. मग जिन्यावर बसून राहिले. जेवले नाहीत. आक्कानं माझ्या ताटात भाकरी आपटली.

आणि फिल्ममध्ये ती अजून आहे. खांब सोडून पुढं आली.

एक गोष्ट आत्ता ध्यानात येते. काढून टाकण्याआधी मी ती जुनी फिल्म थोडी बघितली होती. पूर्णिमा पिवळ्या शालूत, हसरी, ठेंगणी. ही बाई शालूत नाही. दवाखान्याच्या निळसर झग्यात आहे, मनगटाला सुई टोचल्यावर लावतात ती पट्टी.

असं चित्र कोणत्याच फिल्ममध्ये नाही. मग चिपनं आणलं कुठून?

१२ डिसेंबर

चिप बंद केली. परवानगी काढून घेतली. पुन्हा प्रोसेसर एकटा. डबा तापतो, समोर टेबलफॅन लावलाय. मयूरी म्हणे, अडकत अडकत चालते पण स्वच्छ आहे, गेली बाई. दोघंही हसलो. गोप्या, हुशार आहेस तू, म्हणाली. शाळेतल्यासारखी.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. चित्र अडकलं म्हणे, गोल गोल फिरत राहिलं, आणि सुटलं तेव्हा ती मयूरीच्या खांद्यामागं होती.

१३ डिसेंबर

मयूरीला दवाखान्यात नेलं. बीपी वर चढलंय. तिथूनच बोलली, हळू आवाजात. गळा भरल्यासारखा वाटते म्हणे, कोणीतरी मंगळसूत्र मागून बोटानं धरून ठेवलंय असा. डॉक्टर म्हणतात असं होतं, पण बाळाच्या जिवाला धोका आहे, तिच्याही.

म्हटलं, बघू नको. तुझ्या पाया पडतो, ती फिल्म बघू नको.

ती म्हणाली, गोप्या, नाही बघितली तर ती कुठवर आली ते कसं कळंल?

सर्व्हरची वायर उपटली मी. तासाभरानं तिचा मेसेज. तिकडं चालूच आहे.

१४ डिसेंबर

आक्काला सांगितलं. लॉरीचं. सगळं.

मारलं असतं तरी चाललं असतं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली. मग म्हणे, ती आपली निजलेली होती रे. मी नाव घेऊन उठवलं, ये म्हटलं, तुह्यासाठी जागा केली म्हटलं. पावण्याले जेवाले बोलावलं अन् त्याच्या बुडाखालचा पाट तू ओढून घेतला. आता तो कोठी बसंल? जिथं जागा दिसंल तिथं बसंल.

अन् तिचं शेवटचं घर, ती फिल्म, तेही तूच पुसलं, म्हणे.

विचारलं, दुसरा टाक घडवला तर? म्हणे, घडंल. पण मयूरीच्या गळ्यात पडला पाह्यजे.

१५ डिसेंबर

आदिलाबादला जाऊन टाक घडवून आणला. सोनार म्हणे, एवढ्यात दुसरा? पहिला हरवला का? त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही.

विनयला फोन लावला. नीट बोलायचं ठरवून लावला. तो म्हणाला, दवाखान्यात अंगावरचं सगळं काढून ठेवलंय, मंगळसूत्रसुद्धा, आणि असल्या खुळचट गोष्टी माझ्या बायकोच्या कानावर घालू नका. आणि तुम्ही कोण हो तिचे?

माझी बायको म्हणाला.

मग माझं तोंड सुटलं. काय काय बोललो ते लिहवत नाही. पूर्णिमालाही तूच मारलंस, असंही बोललो. त्यानं ठेवला. आता त्याचा नंबर लागत नाही. मयूरीचाही नाही.

एकच दार होतं. लाथ घातली.

१६ डिसेंबर

हणमंतरावांकडून कळलं, बीपी उतरत नाही. मुदतीआधी ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. बाळ वाचेल का सांगत नाहीत. हणमंतराव हैदराबादला निघाले. टाक देऊ केला तर म्हणाले, दवाखान्यात तिच्या अंगावर काही राहू देत नाहीत. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. माझ्या!

हॉलच्या टीव्हीवर फिल्म लावली. सर्व्हर नाही, पेनड्राइव्हवरून. जशीच्या तशी, न दळलेली. तिथंही आली आता. दोन्ही हात मयूरीच्या गळ्याशी. दाबत नाही. चाचपते. काहीतरी असायला पाहिजे ते शोधते.

आक्काला म्हटलं, टाक मी घालतो. पूर्णिमाची जागा मयूरीनं घेतली नाही. मी घेतली. टाक मी फेकला, फिल्म मी पुसली. आक्का उठून उभी राहिली. म्हणे, बाप्पा, हे बाईचं बाईशी असते, तू मधात नको पडू. गडीमाणसाच्या गळ्यात सवतीचा टाक कोणी पाह्यला का? ती तुले काय मानंल, कोण समजंल?

काहीही समजो.

देवघरात बसलो. पूर्णिमाचं नाव घेतलं. ये म्हटलं. जागा आहे. काळ्या दोऱ्यात ओवून गाठ मारली.

१७ डिसेंबर

हणमंतरावांचा फोन. बीपी उतरलं. सकाळपासून उतरतंच आहे. डॉक्टरही चकित. ऑपरेशन टळलं.

आक्का रडली. माझ्या पानात तूप वाढलं. टाकाला आधी घास दाखव म्हणे. दाखवला.

टाक गार आहे. अंगाशी असूनही गरम होत नाही.

१८ डिसेंबर

मयूरी घरी आली. मोबाइल परत मिळाला तिला, मी सर्व्हरची वायर पुन्हा लावली. फिल्म स्वच्छ. गळा मोकळा. म्हणे बाळ लाथा मारते, तुझ्यासारखं.

दोरा जरा आखूड झाल्यासारखा. गाठ सुटत नाही. सोडायचीही नाही.

१९ डिसेंबर

मयूरीचा फोन. आधी नुसती हसली. म्हणे, लबाडा, लग्नाला येऊन गेला आणि सांगितलं नाही?

मी म्हटलं, नाही आलो.

म्हणे, खोटं नको बोलू, फिल्ममध्ये दिसून राह्यला न. काळा शर्ट. मांडवाच्या खांबाशी उभा. मान अशी वाकडी काऊन केलीस? कोणी ओढून राह्यलं का?

मग म्हणाली, आला होतास तर पुढं यायचं होतं रे.

मी फोन ठेवला. आवाज नीट निघत नाही.

२० डिसेंबर

आक्काला हाका मारल्या. शेजारच्याच खोलीत आहे. तिला ऐकू जात नाही —

सुरीनं दोरा कापत नाही. कापायचा नाहीच. कापला तर ती मयूरीकडं —

टीव्ही लावलेला नाही मी. चालू आहे.

विहिणीच्या पंगतीचा भाग. पाट, रांगोळ्या, समया. मयूरी घास देते, हसते. गळा मोकळा. चांगली दिसते. फार चांगली —

खांबाशी बघितलं. काळा शर्ट तिथं नाही. चालत निघालाय. पंगतीच्या टोकाकडं. तिथं एक रांगोळी जास्तीची, दोन पाट. एकावर ती बसलेली. शालू नेसलीय. पिवळा. हातात सुईची पट्टी नाही आता.

मी खुर्चीत आहे. खुर्चीतच आहे. लिहून राह्यलो.

पायाखाली फरशी नाही. रांगोळी. खरखर लागते तळव्यांना. समईचं तेल — वास येतो —

मयूरी इकडं बघत नाही. नको बघू —

ती दुसरा पाट पदरानं पुसून राह्यली. वर बघते. नवऱ्याचं घेत नाहीत तसं माझं नाव नाही घेत, लाजते, आणि हातानं